पलीकडचा देश पहिल्यापासून

गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू कवळीताईच्या हातचं होतं, आणि ही गोष्ट त्यांच्यातल्या एकालाही चारचौघांत कबूल करायची नव्हती. त्यामुळे कवळीताई रस्त्यानं निघाली की ओळखीचे लोक तिच्याकडे बघून तोंड मिटून हसत. तीही तोंड मिटूनच हसे. कुणाच्या तोंडात काय आहे हे बोलून दाखवायचं नाही, एवढं पथ्य त्या धंद्यात पाळावंच लागतं.

तिची कामाची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. एक लांबलचक टेबल, खिडकीखाली पॉलिशचं मशीन, कोपऱ्यात शेगडी. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याची मापं पाठवत. त्या मापात ती प्लास्टर ओतायची, त्याचा जबडा तयार झाला की त्यावर मेणात एकेक दात बसवायची, मग मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरून सगळा साचा पितळी डब्यात आवळून उकळत्या पाण्यात ठेवायची. की झाली गुलाबी हिरड्यांची कवळी. सांगायला सोपं आहे, करताना मान मोडते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण हिनं दात बसवून घर चालवलं, मुलाला शिकवलं, आणि नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बसलं तेव्हा त्यालाही एका शब्दानं दुखावलं नाही. नवरा सज्जन होता. दुकान बसल्यापासून तो दुपारचं जेवण झालं की झोपायचा आणि बायकोच्या पराक्रमांना झोपेतूनच पाठिंबा द्यायचा.

या कामात हाताइतकंच थांबणंही लागतं. प्लास्टर घट्ट व्हायला थांबा, मेण गार व्हायला थांबा, डबा उकळेपर्यंत थांबा आणि मग निवेपर्यंत थांबा. घाई केली की कवळीत बुडबुडे. असल्या रिकाम्या वेळात कुणी विणकाम करतं, कुणी शेजारणीच्या सुनेबद्दल बोलतं. कवळीताईनं एक देश काढला.

झालं असं की तिचा मुलगा दुसरी-तिसरीत असताना शाळेतून येऊन कामाच्या खोलीतच बसायचा आणि हात लावू नको म्हटलेल्या प्रत्येक वस्तूला हात लावायचा. त्याला गुंतवायला तिनं एक गोष्ट सुरू केली. डोंगरापलीकडे एक देश आहे, तिथं एक मुलगा वाट चुकलाय, समोर दोन गुहा आहेत. आणि मग तिनं नुसतं विचारलं, "तू असतास तर कुठल्या गुहेत शिरला असतास?" मुलगा म्हणाला, "डावीकडच्या." बस. पुढची कितीतरी वर्षं त्या डावीकडच्या गुहेतून बाहेर आली. उरलेल्या गुलाबी मसाल्याचा तिनं एक फासा घडवला, टाकाऊ जबडे एका मोठ्या फळीवर उलटे-सुलटे चिकटवून डोंगर उभे केले. सुळ्यांची शिखरं झाली, टाळूंची खोरी झाली. उत्तरेची मोठी रांग म्हणजे एका निवृत्त हेडमास्तरांचा खालचा जबडा होता. ते रोज दारावरून जायचे, पण आपल्या दाढांवर राक्षसांची वस्ती आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

मग फिटर आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, पण बिचारा ओळखीखातर पॉलिशच्या मशीनची मोटर बघायला आला होता. मोटर दुरुस्त झाली तरी हलेना. "ताई, ते दार उघडलं तर आत काय असेल?" असं विचारत बसला, आणि त्यानंतर कुठल्या शनिवारी आला नाही असं झालं नाही. मग ग्रंथपालबाई आल्या. त्या आईची कवळी घ्यायला आल्या होत्या, कवळी अजून उकळत होती, थांबल्या त्या थांबल्याच. शनिवारी दुपारी काम आवरलं की टेबल पुसायचं, फळी मांडायची आणि पलीकडे जायचं, असा रिवाज पडला. "शनिवारी पलीकडे" एवढंच म्हणत सगळे.

खेळ साधा होता. देश कवळीताईचा. वारा, पाऊस, राक्षस, राजे, वाटेत भेटणारा पाणक्यासुद्धा तिचाच, आणि त्या सगळ्यांचे आवाजही तीच काढायची. बाकीच्यांचा प्रत्येकी एक माणूस. आपला माणूस काय करणार ते ज्यानं त्यानं सांगायचं, जमलं की नाही ते फासा सांगायचा. नियम मोजून एक: पडलेला फासा परत उचलायचा नाही. पडला तो पडला, घडलं ते घडलं.

या नियमापायी त्या देशात नको नको ते घडलं होतं. एकदा राजा मेला, गादीवर कोण यावरून तीन सरदार भांडत होते. तेव्हा फिटरनं चेष्टेत सांगितलं, की माझा माणूस अंगणातला बोकड उचलून सिंहासनावर ठेवतो. सहा पडला. सरदारांनी मुजरे केले. त्या बोकडाचा वंश पुढं गादीवर राहिला, शेतसारा पाल्यात भरायचा कायदा झाला, आणि ग्रंथपालबाईंच्या माणसाला कुंपण घातल्याबद्दल हद्दपारी भोगावी लागली. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते हे. पण कुणी तक्रार केली नाही. जे चेष्टेत घडतं तेही निस्तरावं लागतं, म्हणूनच तर तो देश खरा वाटायचा.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं सांगतोय ती गोष्ट. मुलगा तेव्हा नववीत होता. त्याच्या माणसाचं नाव काटकुळ्या. अंगानं काडी, पण जिथं कुणी शिरणार नाही तिथं शिरणारा, आणि सगळ्यांत आधी पुढं होणारा. मुलगा स्वतः वर्गात मागच्या बाकावर बसायचा, उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही. त्याची सगळी हिंमत काटकुळ्याकडे ठेवलेली होती. त्या शनिवारी सगळे एका दरीवरचा दोरांचा पूल ओलांडत होते. दरी म्हणजे दोन जबड्यांमधली फट, पूल म्हणजे दातांना बांधायची तार. मागून राक्षस आले. मुलगा म्हणाला, "तुम्ही पुढं व्हा. मी दोर कापतो आणि पलीकडे उडी मारतो." एक सोडून काहीही पडलं तरी चाललं असतं.

एक पडला.

मुलानं आईकडे बघितलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अगं, फासा बशीला लागला बहुतेक. टाकू दे की परत." फिटर मान खाली घालून बसला. कवळीताई म्हणाली, "काटकुळ्या दरीत पडला." आणि त्याच दमात म्हणाली, "फिटर, तुझी पाळी."

तिचा हात फाशाकडे निघाला होता. आणखी क्षणभर थांबली असती तर तिनं फासा उचलून मुलाच्या हातात दिला असता, आणि मग त्या देशात कशालाच अर्थ राहिला नसता, असं तिला वाटलं. म्हणून घाई केली. मुलाला तो हात काही दिसला नाही. त्याला ऐकू आली ती फिटरची पाळी. तो उठला, त्यानं आपला कप धुतला, पालथा घातला, आणि त्या टेबलावर परत बसला नाही.

येईल दोन शनिवारांत, असं ती धरून चालली होती. आला नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं, भांडण मिटवता तरी येतं. मुलगा भांडला नाही, नुसता शहाणा झाला. अभ्यास केला, नोकरीला लागला, लांबच्या शहरात गेला. दर रविवारी फोन करायचा. "आई, बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" "मीही बरा आहे." मग थंडी किती आहे, पाऊस किती झाला. हवामान खात्याला जेवढा जिव्हाळा असतो तेवढ्यावर माय-लेकरांचं चालू होतं. लोक म्हणायचे, काय गुणी मुलगा! कवळीताई मान हलवायची. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

एक गोष्ट मात्र टेबलावर सुरू झाली ती कुणी न सांगता. पुढच्या खेपेला फिटरचा माणूस त्या दरीपाशी आला तेव्हा फिटर म्हणाला, "मी इथं थांबतो जरा." आणि खिशातला एक स्क्रू काढून त्यानं दरीच्या काठावर ठेवला. ग्रंथपालबाईंनी पर्समधलं बटण ठेवलं. तेव्हापासून दरी ओलांडायची तर काहीतरी ठेवून जायचं, अशी रीतच पडली. पलीकडच्या देशातले व्यापारी, सैनिक, बोकडराजाचे वसुलीवालेसुद्धा तिथं थांबायचे. काठावर बारीकसारीक वस्तूंचा ढीग झाला. हे मुलाला कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण आणि कुठल्या तोंडानं?

तर यंदा मुलाची बदली गावात झाली. दोन गल्ल्या सोडून त्यानं घर घेतलं. बरोबर सून आली. सून चित्रकथा छापणाऱ्या एका कंपनीत रंग भरायचं काम करायची, हसरी आणि तोंडाची फटकळ. तिला सासूच्या त्या फळीबद्दल नवऱ्याकडून अर्धं वाक्य कळलेलं होतं. उरलेलं अर्धं ऐकायला ती पहिल्याच शनिवारी येऊन बसली. एकटीच.

"मी कोण व्हायचं?" तिनं विचारलं.

"तुला पाहिजे ती हो," फिटर म्हणाला. "पण आधी थोडं मागचं समजून घे."

आणि त्यानं मागचं सांगायला घेतलं. नमनालाच घडाभर तेल. राक्षसांची पहिली लढाई, राक्षसांची दुसरी लढाई, दुसरी लढाई पहिलीच्या आधी कशी झाली, बोकड, बोकडाचा मुलगा, धाकट्या राणीचा शाप, त्या शापाला उतारा म्हणून दुसरा शाप. सुनेचा चहा निवला. ती मधूनच म्हणाली, "थांबा थांबा, राजा बोकड आहे?" फिटर म्हणाला, "तेच तर सांगतोय," आणि पुन्हा पहिल्या लढाईपासून सुरू झाला. तिची पाळी आली तेव्हा दिवस कलायला आला होता. तिच्या माणसानं पहिलंच पाऊल टाकलं ते दरीपाशी, आणि सगळे थांबून खिसे चाचपायला लागले.

"हे काय आता?"

"काटकुळ्यासाठी," ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कोण काटकुळ्या तेही थोडक्यात सांगितलं. सुनेनं केसांतली एक पिन काढून ढिगावर ठेवली.

नंतर कप विसळताना ती सासूला म्हणाली, "आई, राग येऊ देऊ नका, पण मला काही झेपलं नाही. तुमच्याकडे नवीन माणूस टिकत नसेल ना?"

तिनं नेमक्या दुखऱ्या दाताला हात घातला होता. औषधाच्या दुकानातला एक मुलगा आला होता, एक नर्स आली होती, दोघं कॉलेजातले आले होते. फिटरचा इतिहास ऐकून सगळे पळाले. टेबल तिघांवर आलं होतं.

"आमच्याकडे सरळ पुसून टाकतात," सून म्हणाली. "चित्रकथा फार वर्षं चालली की गुंता होतो. मेलेले किती, जिवंत किती, कुणाचं लग्न कुणाशी, लिहिणाऱ्यालाच कळत नाही. मग दर काही वर्षांनी जाहीर करतात, की झालं गेलं काही झालंच नाही, पहिल्या अंकापासून नवी सुरुवात. मी सगळं पुन्हा रंगवते. टोपी लाल होती ती निळी करायची."

"आणि वाचणारे?"

"नवे येतात. खप वाढतो. मग जुन्यांची पत्रं येतात, आमचा अमुक होता त्याला परत आणा. आणला की परत पत्रं येतात, मेलेला चांगला होता, कशाला आणला?" ती हसली. मग हात पुसत म्हणाली, "पण पहिल्यापासून केलंत तर बरंच होईल आई. कदाचित तोही येईल."

तो म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. कवळीताईच्या डोक्यात ते वाक्य खिळ्यासारखं बसलं. देश पुसला तर बोकड जाईल, शाप जातील, लढाया जातील. आणि दरीतला तो फासाही जाईल. पडलेला फासा परत उचलायचा नाही, हे खरं. पण टेबलच उचललं तर? मग काटकुळ्या मेलेलाच नाही. मग मुलाला कोरा माणूस द्यायचा आणि म्हणायचं, हा घे, तुझा आहे. इतकी वर्षं तिला माफी मागायला वाट सापडत नव्हती, ती आता सुनेनं भांडी घासता घासता काढून दिली होती.

पुढच्या शनिवारी सून कामामुळे आली नव्हती. कवळीताईनं विषय काढला, आणि फिटर असा भडकला की नवरा झोपेतून उठून बघायला आला.

"पहिल्यापासून म्हणजे काय? मी राक्षसाचा डोळा फोडला तो फोडलाच नाही? ताई, लिफ्टची मोटर बदला, दोर बदला, डबा बदला. मजले काय बदलता?"

ग्रंथपालबाई शांतपणे म्हणाल्या, "बदलावेत की. माझा माणूस किती वर्षं हद्दपार आहे, एका कुंपणापायी! आणि खरं सांगू का? आपल्याला जुनं आठवतं म्हणून ते चांगलं वाटतं. पुस्तकाला वाळवी लागली की मी नवी प्रत मागवते. गोष्ट तीच असते, पानं तेवढी उघडता येतात."

"तीच असते ना? मग इथंही तीच ठेवा!"

"तुझी वाळवी ठेवायची का पण?"

"मी वाळवी?"

असं बरंच चाललं. दोघांचंही खरं होतं, इथंच तर घोडं पेंड खात होतं. देश जुना झाला की त्यात नव्यानं पाय ठेवायला जागा राहत नाही, आणि पुसला की ज्यांनी त्यात आयुष्य घातलं त्यांच्या पायाखालची जागा जाते. कवळीताईला हे समजत होतं. धंद्यातही तिनं ते बघितलं होतं. हिरडी झिजते, जुनी कवळी हलायला लागते, नवी करावीच लागते, आणि नवी केली की म्हातारा दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो, जुनीच बरी होती. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी तिनं कुणाचंच ऐकलं नाही. तिचं आधीच ठरलं होतं, आणि का ठरलं होतं याबद्दल तिनं त्या दोघांना ताकास तूर लागू दिली नाही.

"माझं ठरलंय," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी कोरी फळी."

फिटर चहा न घेता गेला. त्याच्या बाबतीत ही फारच मोठी गोष्ट होती.

गुरुवारी दुपारी तिनं फळी अंगणात काढली. पाणी मारून प्लास्टर ओलं केलं, छिन्नी घेतली आणि डोंगर उपसायला सुरुवात केली. जबडा हातात आला की ओळखू यायचा. हा पोस्टमनचा, वरचे दोन दात पुढं. हा शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंचा, दोरा तोडून तोडून एका दाताला खाच पडलेली. हे हेडमास्तर. यांच्यातले निम्मे आता नव्हते. त्यांचे दात इथं डोंगर होऊन उभे राहिले होते, आणि आता तेही चालले. तिला वाईट वाटलं, पण हात थांबला नाही. दरी तिनं शेवटी काढली. तार सोडवली. काठावरचा ढीग, स्क्रू, बटणं, मणी, पेनांची टोपणं, एक घुंगरू, सुनेची पिन, ओंजळीत घेऊन ती क्षणभर उभी राहिली. नव्या घरात जुना पसारा कशाला, असं म्हणून तिनं तो प्लास्टरच्या चुऱ्याबरोबर पोत्यात भरला. सकाळी कचरागाडी आली आणि पोतं घेऊन गेली.

मग तिनं फळीवर पांढऱ्या प्लास्टरचा एक सपाट थर दिला, हातानं गुळगुळीत केला, आणि मुलाला फोन केला. रविवार नसताना आईचा फोन आला म्हणून तो घाबरला.

"आई, काय झालं?"

"काही नाही. उद्या शनिवार आहे. येशील का, विचारायला केला."

मग तो म्हणाला, "मी तसाही येणारच होतो."

फोन ठेवल्यावर तिनं आनंदानं नवऱ्याला झोपेतून उठवलं. असं तिनं लग्न झाल्यापासून केलं नव्हतं.

शनिवारी सगळे आले. फिटरसुद्धा आला. तोंड फुगवून, पण आला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. मुलगा सुनेच्या मागून आत शिरला. खोलीत वाकून शिरावं लागलं त्याला, आता तो उंच झाला होता. त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली आणि तो सरळ टेबलापाशी गेला. फळीकडे बघत उभा राहिला. मग तिच्या दुसऱ्या बाजूला गेला. तिथूनही बघितलं.

"दरी कुठंय?" त्यानं विचारलं.

"नाही आता," कवळीताई म्हणाली. तिचा आवाज उत्साहानं वर गेला होता. "सगळं पुसलं. पहिल्यापासून सुरू करायचं. काटकुळ्या परत घे तू. पडलाच नाही तो. काही झालंच नाही असं धर."

मुलगा खुर्चीवर बसला.

"मी ती दरीच बघायला आलो होतो, आई," तो म्हणाला. "ही म्हणाली, तिथं ढीग आहे म्हणून. सगळे जण थांबतात म्हणून. मला माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं, त्या दिवशी तुम्ही पुढं खेळलात आणि संपलं."

फिटरनं तोंड उघडलं होतं, मी सांगत होतो म्हणायला. त्यानं ते मिटलं. सून सासूकडे बघत म्हणाली, "मी पहिल्या शनिवारी रात्रीच त्याला सांगितलं होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं मी." कवळीताईनं टेबल धरलं. जी एकच गोष्ट मुलाला इतक्या वर्षांनी या खोलीत घेऊन आली, ती तिनं आपल्या हातानं पोत्यात भरून दिली होती, आणि वर त्याच्यासाठीच भरून दिली होती. तिला स्वतःची इतकी लाज आजवर कधीच वाटली नव्हती.



मुलगा उठला. त्यानं फडताळातून रबरी वाडगं काढलं. ते कुठं असतं हे तो विसरला नव्हता. प्लास्टर घेतलं, पाणी घातलं, लहानपणी कालवायचा तसं गुठळी न होऊ देता कालवलं. फळीच्या एका कोपऱ्यात त्यानं दोन ढीग घातले आणि मधे बोटानं खोल फट काढली.

"जरा अरुंद होती," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"नाही, रुंदच होती," फिटर म्हणाला. "माझा माणूस उडी मारून जाऊ शकत नव्हता. मला विचारा."

"एवढी होती," मुलगा म्हणाला, आणि त्यानं फट होती तेवढी केली. त्याला ती नेमकी ठाऊक होती.

मग हात न धुताच तो खाली बसला. "बाकी सगळं नवं असू दे," तो म्हणाला. "बोकड नको, शाप नको. हिला खेळता आलं पाहिजे. पण काटकुळ्या मला नको परत. तो मेलाय. एवढं एक राहू दे."

"डोळा फोडलेला राक्षस?" फिटरनं चाचरत विचारलं.

"तो नंतर बघू," सून म्हणाली, आणि सगळे थोडे हसले. खोलीत श्वास घेण्यापुरती जागा झाली.

"मग तू कोण?" कवळीताईनं मुलाला विचारलं.

"वाटसरू. लांबून आलोय. पुलापाशी कुणी आहे का?"

देश तिचा होता. उत्तर देणं तिचं काम होतं. तिनं घसा खाकरला आणि पुलाच्या राखणदाराचा घोगरा आवाज काढला. "आहे की. मी राखणदार. काय पाहिजे तुला?"

"चौकशी करायचीय," मुलगा म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता, दरीकडे बघत होता. "इथं एक काटकुळा पोरगा पडला होता. बरीच वर्षं झाली. त्याच्या आईला कुणी कळवलं का?"

कवळीताईला राखणदाराचा आवाज पुन्हा सापडेना. राक्षसांचे, राण्यांचे, पाणक्यांचे सगळे आवाज तिला येत होते, पण त्या घटकेला तिच्यापाशी तिचा स्वतःचा तेवढा उरला.

"कळवायची गरज नव्हती," ती म्हणाली. "ती तिथंच होती."

"मग ती काहीच का बोलली नाही?"

"बोलली असती तर रडली असती. आणि रडली असती तर फासा परत टाक म्हणाली असती. म्हणून तिनं दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारली." तिनं पदरानं नाक पुसलं. "फासा परत दिला नाही ते चुकलं नाही तिचं. पण हाक मारायची होती ती तुला. ते चुकलं."

मुलानं खुर्ची सरकवून तिच्याजवळ घेतली, ओल्या प्लास्टरचा हात तसाच तिच्या हातावर ठेवला, आणि दोघंही सगळ्यांदेखत रडली. पलीकडच्या देशात त्या दुपारी पुढं काहीच घडलं नाही.